अर्ध्या ‘र’ची गोष्ट

दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे एक बग आला. आमचं ॲप बाजार समितीतल्या आडत्यांसाठी होतं. माल विकला गेला की शेतकऱ्याच्या फोनवर हिशोबपट्टीची पीडीएफ जायची. इंग्रजीत सगळं सुरळीत चाललं होतं. मराठी सुरू केलं आणि दुसऱ्याच दिवशी तक्रारी यायला लागल्या. पट्टीवर ‘मिरची’च्या जागी ‘मरिची’ छापलं जात होतं. ‘विजय’ नावाच्या शेतकऱ्याचा ‘वजिय’ झाला होता. आणि सगळ्यात वर, ठळक अक्षरांत, ‘शेतकऱ्याचे नाव’ असं हवं तिथे पाय मोडलेला ‘र्’ एकीकडे आणि ‘याचे’ दुसरीकडे, असे तुकडे पडले होते.

टीममध्ये मराठी वाचणारा मी एकटाच, त्यामुळे बग माझ्या गळ्यात पडला. तिकिटावर कुणीतरी शेरा मारला होता: ‘कॉस्मेटिक’. म्हणजे नुसता दिसण्यातला दोष. आकडे बरोबर आहेत ना, मग घाई नाही. खरं सांगायचं तर मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं. तो बग सोडवायला मला तीन आठवडे लागले, आणि त्या तीन आठवड्यांत मी कोडपेक्षा इतिहासच जास्त वाचला.

त्याला एक घरगुती कारण होतं. माझे आजोबा, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, तालुक्याच्या गावी एका छापखान्यात जुळारी होते. जुळारी म्हणजे शिशाचे खिळे एकेक करून उचलणारा आणि त्यांतून शब्द, ओळी, पानं जुळवणारा माणूस. लग्नपत्रिका, सोसायटीचे अहवाल, शाळांच्या प्रश्नपत्रिका, निवडणुकीची पत्रकं, सगळं त्यांच्या बोटांखालून गेलेलं. रविवारी घरी गेलो होतो, तेव्हा गंमत म्हणून मी त्यांना ती पीडीएफ दाखवली. त्यांनी फोन डोळ्यांपासून लांब धरला, ‘मरिची’ वाचलं आणि हसले.

“वेलांटीचा खिळा एक घर पुढे बसलाय. कुणी नवा पोऱ्या लावलाय का कामाला?”

नवा पोऱ्या मीच होतो. पण त्यांचं निदान अचूक होतं.

तोंडाचा क्रम, डोळ्याचा क्रम

तुम्ही फोनवर ‘मिरची’ टाइप करता तेव्हा आत काय साठतं? म, मग ऱ्हस्व इकार, मग र, मग च, मग दीर्घ ईकार. म्हणजे आपण ज्या क्रमाने बोलतो त्या क्रमाने. ‘मि’ म्हणताना आधी म येतो आणि मग इ. दिसताना मात्र वेलांटी ‘म’च्या आधी उभी राहते. ‘सूर्य’ घ्या. बोलताना र आधी, य नंतर. कागदावर र उडी मारून ‘य’च्या डोक्यावर जाऊन बसतो, त्याला आपण रफार म्हणतो.

थोडक्यात, देवनागरीत प्रत्येक शब्दाचे दोन क्रम असतात, एक तोंडाचा आणि एक डोळ्याचा. फोनच्या मेमरीत तोंडाचा क्रम असतो. पडद्यावर डोळ्याचा क्रम दिसावा म्हणून मध्ये एक प्रोग्राम बसलेला असतो. तो आवाजांची रांग घेतो, फॉन्टमधले नियम वाचतो आणि कुठला आकार कुठे बसवायचा ते ठरवतो. अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स यांच्यात हे काम हार्फबझ नावाची लायब्ररी करते. हे नाव फारसीतून आलंय, अर्थ साधारण ‘खुलं अक्षर’.

आमच्या पीडीएफ बनवणाऱ्या लायब्ररीत हा मधला टप्पाच नव्हता. तिने मेमरीतले आवाज एकामागोमाग एक उचलले आणि तसेच कागदावर ओतले. ‘म’ काढला, मग वेलांटी काढली, मग ‘र’. वाचणाऱ्याला ती वेलांटी अर्थातच ‘र’ची वाटली.

मला वाटलं होतं हा आपल्या काळातला, कॉम्प्युटरचा प्रश्न आहे. मागे गेल्यावर कळलं की मराठी छापायला लागल्यापासून माणसं याच प्रश्नाशी झुंजतायत.

दगड आणि शिसं

मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये पंचांग छापलं ते शिळाप्रेसवर. अमेरिकन मिशनच्या छापखान्यातलं काम बघून त्यांनी ही विद्या आत्मसात केली होती. शिळाछापाची गंमत अशी की त्यात खिळे नसतात. सुंदर हस्ताक्षराचा माणूस तेलकट शाईने मजकूर लिहितो, तो दगडावर उतरवतात आणि दगडावरून प्रती निघतात. हाताला जे जमतं ते सगळं छापता येतं. वेलांटी, रफार, एकाखाली एक लटकलेली जोडाक्षरं, कशाचीच अडचण नाही. आपल्याकडे पोथ्या पुढेही बराच काळ दगडावर छापल्या जात राहिल्या, त्यामागे हेही एक कारण असणार.

खिळ्यांचं तसं नाही. खिळा म्हणजे शिशाचा चौकोनी ठोकळा, त्याच्या टोकावर उलटं अक्षर. इंग्रजीला लहानमोठी अक्षरं, आकडे आणि विरामचिन्हं धरून एक आटोपशीर संच पुरतो. देवनागरीत काना, मात्रा, वेलांट्या, उकार आणि जोडाक्षरं धरली की आकडा काहीशेंवर जातो. त्यावर दोन तोडगे निघाले. एक म्हणजे मात्रेसकट अख्खं अक्षर एकाच खिळ्यावर ओतायचं, ही ‘अखंड’ पद्धत. दुसरा म्हणजे अक्षर वेगळं, वरची मात्रा वेगळी, खालचा उकार वेगळा असे तुकडे पाडायचे आणि जुळवताना एकावर एक रचायचे, ही ‘डिग्री’ पद्धत. मुंबईच्या अमेरिकन मिशन प्रेसमधले थॉमस ग्रॅहम यांचं नाव या दुसऱ्या पद्धतीशी जोडलेलं आहे.

त्याच मिशन प्रेसच्या टाइप फाउंड्रीत लहानपणी खिळे घासायच्या कामाला लागलेला एक मुलगा म्हणजे जावजी दादाजी. पुढे त्यांनी स्वतःची फाउंड्री काढली आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. राणोजी रावजी आरू यांनी त्यांच्यासाठी पोलादी पंच कोरले. निर्णयसागरचं जुनं संस्कृत पुस्तक कधी हातात आलं तर मजकूर समजला नाही तरी नुसतं पान बघा. गुंतागुंतीची जोडाक्षरं इतकी नेमकी बसलेली असतात की हे सुट्या तुकड्यांतून रचलंय यावर विश्वास बसत नाही.

अण्णा सांगायचे, केसमध्ये कुठल्या खणात काय हे बोटांना पाठ असायचं, डोळे हस्तलिखितावर. “बोलायचं मनात, उचलायचं हाताने,” हे त्यांचं वाक्य. म्हणजे हार्फबझ जे काम करतं तेच काम अण्णांच्या डोक्यात चालायचं. मनात ‘मि’ म्हणायचं आणि हाताने वेलांटी आधी उचलायची.

लिपीने वळायचं की यंत्राने?

विसाव्या शतकात टाइपरायटर, लायनोटाइप, मोनोटाइप आले आणि प्रश्न जास्त टोकदार झाला. यंत्राला कळा मोजक्याच. मग लिपीच छाटायची का? हा वाद फक्त मुद्रकांचा राहिला नाही. लोकमान्य टिळकांनी खिळ्यांची संख्या कमी करण्यात लक्ष घातलं. सावरकरांनी ‘अ’चीच बाराखडी सुचवली: इ, उ, ए यांच्या जागी अि, अु, अे. काकासाहेब कालेलकरांचाही लिपिसुधारणेच्या चळवळीत मोठा वाटा. जुन्या पुस्तकांत ‘अितिहास’ असं छापलेलं दिसलं तर ती मुद्रणदोषाची गंमत समजू नका, तो विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता.

यातला सर्वांत धाडसी प्रस्ताव १९५३ मध्ये लखनौच्या लिपी परिषदेत पुढे आला. ऱ्हस्व इकाराची वेलांटी अक्षराच्या डावीकडून उचलून उजवीकडे न्यायची, म्हणजे जशी बोलतो तशीच दिसेल. काही वर्षांतच तो मागे घ्यावा लागला. लोकांना ते वाचवेना.

हे वाचताना मी खुर्चीत सरळ बसलो. लखनौला जमलेल्या विद्वानांना जे हवं होतं त्याचा एक ओबडधोबड नमुना माझ्या बगने करून दाखवला होता. आवाजाच्या क्रमाने आकार. तर्काने विचार केला तर चूक काहीच नाही. पण आपण वाचताना एकेक आवाज जोडत बसत नाही, अख्खा शब्द एका नजरेत उचलतो. शब्दाचा चेहरा बदलला की अर्थ अडखळतो. मिरची विकलेल्या शेतकऱ्याने ‘मरिची’ वाचून आडत्याला फोन केला तो याचसाठी. ज्या कागदावर आपलं नावही धड नाही, त्यावरच्या आकड्यांवर विश्वास का ठेवायचा, असं त्याला वाटलं असेल तर त्याचं काय चुकलं?

अक्षर बघणारे कवी

या सगळ्या वादात लिपी म्हणजे एक अडचण, सोडवायचा हिशोब, असाच सूर असतो. त्याच काळात मुंबईत काही माणसं मात्र अक्षराकडे वेगळ्या नजरेने बघत होती.

तशी आपल्याकडे याची जुनी परंपरा आहे. संस्कृतातल्या चित्रकाव्यात श्लोकाची अक्षरं कमळाच्या किंवा तलवारीच्या आकारात मांडली जातात. अठराव्या शतकातल्या मोरोपंतांनी रामकथा अनेक तऱ्हांनी लिहिली. त्यांच्या निरोष्ठ रामायणात ओठ जुळवून उच्चारायचे वर्णच नाहीत, म्हणजे प, फ, ब, भ, म वर्ज्य. ‘राम’ या शब्दातला म वगळून रामायण! मंत्ररामायणात ठरावीक अक्षरांतून रामनामाचा मंत्र उभा राहतो. एक खेळ कानाचा, एक डोळ्याचा.

१९५०च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये ऑयगेन गोमरिंगर आणि ब्राझीलच्या साओ पावलोमध्ये नोइगांद्रेस गटाचे कवी ‘काँक्रीट’ कविता लिहू लागले. या कवितेत शब्द पानावर कुठे आहे, केवढा आहे, किती वेळा आलाय, हाच अर्थ. ती मोठ्याने वाचून दाखवता येते, पण अर्धी हातातून निसटते. नुसती बघितली तरी अर्धीच मिळते.

मराठीत या वाटेवर जे गेले त्यांतलं महत्त्वाचं नाव र. कृ. जोशी. जन्म १९३६ चा. जे. जे.मध्ये उपयोजित कला शिकले, जाहिरातीच्या क्षेत्रात गेले आणि उल्का या संस्थेत बराच काळ कलादिग्दर्शक होते. दिवसा साबण-कापडाच्या जाहिराती, आणि त्याबरोबर सुलेखन, अक्षरांचे प्रयोग, ‘सत्यकथे’त छापून येणाऱ्या दृश्य कविता. ‘सत्यकथा’ म्हणजे तेव्हाच्या मराठी साहित्याचा उंबरठा. तिथे अक्षराच्या आकारालाच कविता म्हणून जागा मिळणं ही छोटी गोष्ट नव्हती.

ते एकटे नव्हते. अरुण कोलटकरही जे. जे.चे आणि जाहिरातक्षेत्रातले नावाजलेले कलादिग्दर्शक. दिलीप चित्रे, रमेश समर्थ यांच्यासोबत त्यांनी ‘शब्द’ हे लघुनियतकालिक काढलं ते सायक्लोस्टाइल करून. छापखान्याच्या खिळ्यांना बगल दिली की पानावर काय काय करता येतं हे त्या पिढीला नीट माहीत होतं. कमल शेडगे वर्तमानपत्रांतल्या नाटकांच्या जाहिरातींसाठी नावं काढायचे. ते शीर्षक बघूनच कळायचं की नाटक हसवणार आहे की घाबरवणार. आणि ल. श्री. वाकणकर ‘गणेशविद्या’मध्ये भारतीय लिपी आणि उच्चार यांचं नातं खणून काढत होते. सरकारी मुद्रणात आयुष्य घालवलेल्या बापूराव नाईकांनी देवनागरीच्या मुद्राक्षरांवर तीन खंडांचा इंग्रजी ग्रंथ लिहिला, तो १९७१ मध्ये राज्याच्या भाषा संचालनालयाने काढला.

आज आर्ट गॅलरीत भाषा, ध्वनी आणि चित्र एकत्र आणणारी कामं दिसली की आपल्याला ती एकदम नवी वाटतात. ही माणसं तेच करत होती. फक्त त्यांची गॅलरी म्हणजे मासिकाचं पान आणि पेपरातली जाहिरात.

मंगल

र. कृ. जोशींच्या गोष्टीचा पुढचा भाग मला एक इंजिनिअर म्हणून जास्त जवळचा वाटतो. जाहिरातक्षेत्र सोडून ते आयआयटी मुंबईच्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमध्ये शिकवायला गेले आणि नंतर जुहूच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीत, जे पुढे सी-डॅकमध्ये विलीन झालं. बोरूने मोकळं नाचणारं अक्षर काढणारा माणूस आता चौकोनी ठिपक्यांच्या जाळीत अक्षर बसवत होता.

तेव्हा कॉम्प्युटरवर मराठी होती, पण प्रत्येक कंपनीची वेगळी. इंग्रजी अक्षरांच्या घरांत मराठी आकारांचे तुकडे कोंबलेले असायचे. म्हणजे पुन्हा खिळ्यांचीच केस, फक्त न दिसणारी. ज्या फॉन्टमध्ये लिहिलंय तोच फॉन्ट समोरच्याकडे नसेल तर मजकुराची भेंडोळी दिसायची. यंत्राकडे शब्द नव्हताच, फक्त चित्राचे तुकडे होते. त्यामुळे शोधता येत नव्हतं, अकारविल्हे लावता येत नव्हतं, दुसऱ्या फॉन्टमध्ये नेता येत नव्हतं.

यातून बाहेर काढणारी कल्पना इथलीच. भारतीय लिप्या दिसायला वेगळ्या असल्या तरी त्यांची वर्णमाला एकच, कारण सगळ्या ब्राह्मीच्या लेकी. मग आकारांऐवजी वर्णांना क्रमांक द्या. या कल्पनेवर इस्की नावाचं भारतीय मानक उभं राहिलं. १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली तेव्हा भारतीय लिप्यांचे तक्ते इस्कीच्या १९८८च्या मांडणीवरून घेतले गेले. म्हणून आजही देवनागरी, बंगाली, गुजराती, तेलुगू या तक्त्यांत ‘क’ आपापल्या कोष्टकात त्याच घरात बसतो. पाणिनीला ओळखू येईल अशी ती रचना आहे.

आवाज साठवायची सोय झाली. आता त्या आवाजाला चेहरा देणारा फॉन्ट हवा होता, आणि तो प्रत्येक जोडाक्षराचे नियम पोटात घेऊन येणारा. जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मायक्रोसॉफ्टसाठी केलेला ‘मंगल’ २००० साली विंडोज २००० सोबत आला. पुढे इतर भारतीय लिप्यांसाठीही त्यांच्या गटाने फॉन्ट केले.

मंगलला आपण खूप नावं ठेवतो. सरकारी दिसतो, कंटाळवाणा दिसतो. मीही ठेवली आहेत. पण तो ज्या पडद्यांसाठी बनला त्यांवर एका अक्षराच्या वाट्याला मूठभर ठिपके यायचे. त्यात ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ वेगळे ओळखू यायला हवेत, शिरोरेषेवरचा रफार आणि अनुस्वार एकमेकांत मिसळता कामा नयेत. ज्याने आयुष्यभर अक्षर किती वाकवता येतं हे तपासलं, त्यालाच ते किती सरळ ठेवायचं हेही कळलं असणार. फेब्रुवारी २००८ मध्ये जोशी गेले. त्यानंतर दोनच महिन्यांनी आलेल्या युनिकोड ५.१ मध्ये ‘ॲ’ला स्वतःचं घर मिळालं. आपण आज ‘ॲप’ लिहितो ते या ‘ॲ’ने. त्याआधी ‘अ’वर चंद्रकोर चढवून काम भागवायला लागायचं.

पापणीएवढा र

मिरची सुधारायला मला एक आठवडा लागला. उरलेले दोन आठवडे गेले ते ‘शेतकऱ्याचे’मधल्या अर्ध्या ‘र’वर.

‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ मोठ्याने म्हणून बघा. ‘दर्या’त र मागच्या ‘द’ला टेकतो, ‘द’वर जोर येतो. ‘दऱ्या’त र पुढच्या ‘या’कडे झुकतो, ‘द’ हलकाच राहतो. वृत्ताच्या भाषेत पहिला ‘द’ गुरू, दुसरा लघू. आचार्यांना बोलावलं तर प्रवचन होतं, आचाऱ्यांना बोलावलं तर स्वयंपाक. हा आवाज हिंदीत नाही. मराठीत, कोकणीत आणि नेपाळीत आहे. म्हणून त्याला वेगळा आकारही आहे, इंग्रजीत तज्ज्ञ त्याला ‘आयलॅश’ म्हणजे पापणी म्हणतात. वऱ्हाड, कऱ्हाड, बिऱ्हाड, गिऱ्हाईक, तऱ्हा, सुऱ्या, पोऱ्या, शेतकऱ्याचा: ही पापणी काढून टाकली तर रोजची मराठी बोलता येणार नाही.

युनिकोडमध्ये हा र कसा लिहायचा? एक वाट अशी की ‘ऱ’ हे अक्षर घ्यायचं आणि त्याचा पाय मोडायचा. गंमत म्हणजे युनिकोडच्या तक्त्यात या ‘ऱ’पुढे पहिली नोंद आहे ती द्राविडी भाषांतला विशिष्ट र लिप्यंतरित करण्यासाठी, आणि मग त्याचं अर्धं रूप म्हणजे पापणी. म्हणजे आपला शेतकरी दक्षिणेच्या घरात भाडेकरू. दुसरी वाट जुनी: साधा र, पाय मोडायचं चिन्ह आणि त्यापुढे एक न दिसणारा जोडक, ज्याची रुंदी शून्य. हा जोडक तुम्ही रोज वापरता. फॅमिलीचा इमोजी तीन-चार माणसांच्या इमोजींना याच जोडकाने चिकटवून बनतो.

दोन्ही वाटांनी पडद्यावर एकच चित्र दिसतं, पण यंत्राच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. एका पद्धतीने नोंदवलेला ‘गोऱ्हा’ दुसऱ्या पद्धतीने शोधला तर सापडत नाही. त्यातून बऱ्याच प्रोग्रामर मंडळींना ‘न दिसणारी अक्षरं’ म्हणजे कचरा वाटतात आणि मजकूर साफ करताना ती झाडून टाकली जातात. इमोजीचं कुटुंब विखुरलं तर लगेच तक्रार येते. मराठी पापणी गळली तर फक्त ‘ह’च्या डोक्यावर रफार चढतो, आणि ‘चालतंय की’ म्हणून पुढे जातात. आमच्या सर्व्हरवरही अशीच एक साफसफाई चालायची. ती ओळ मी लिहिली नव्हती, पण माझ्याच टीमने लिहिली होती.

राज्य सरकारने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीसाठीची देवनागरी निश्चित केली, पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ यांच्यासकट. चांगल्या फॉन्टांमध्ये हे मराठी आकार असतातही. पण मजकूर मराठी आहे हे आपण कोडमध्ये सांगितलं तरच ते बाहेर येतात, नाहीतर उत्तरेकडचे आकार दिसतात. ही एक छोटीशी खूण असते, दोन अक्षरांची. बहुतेक वेबसाइट ती लावत नाहीत.

मशीनमध्ये तसंच येतं

गेल्या वर्षी अण्णा गेले. दहाव्याच्या दिवशी चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला. आमच्या आडनावात ‘ऱ्ह’ आहे. मजकूर मीच व्हॉट्सॲपवर पाठवला होता, तीनदा तपासून. फ्लेक्सवर पापणी नव्हती. ‘ह’च्या डोक्यावर रफार होता, हातभर उंचीचा.

बाबा बराच वेळ फ्लेक्ससमोर उभे राहिले. मग त्यांनी दुकानदाराला फोन लावला. तो बिचारा नम्रपणे म्हणाला, “काका, मशीनमध्ये तसंच येतं.” मी पाठवलेला मजकूर त्याने आपल्या जुन्या फॉन्टात बदलून घेतला होता, आणि बदलणाऱ्या प्रोग्रामला तो अर्धा र माहीतच नव्हता. बाबा मला एवढंच म्हणाले, “छत्तीस वर्षांत अण्णांनी हा खिळा एकदाही चुकवला नसेल.”

त्या दुकानदारावर माझा राग नाही. ‘मशीनमध्ये तसंच येतं’ हे वाक्य दोनशे वर्षांत वेगवेगळ्या तोंडांनी बोललं गेलंय. खिळे पुरत नाहीत, कळा पुरत नाहीत, ठिपके पुरत नाहीत, म्हणून लिपीने जरा सांभाळून घ्यावं. ज्यांनी ते ऐकून घेतलं नाही त्यांच्यामुळे आज तुम्ही हा लेख फोनवर वाचू शकताय: पंच कोरणारे आरू, वेलांटी जागेवर ठेवणारे वाचक, जाहिरातीतून फॉन्टकडे आलेले जोशी. मशीनमध्ये काहीही आपोआप येत नाही. कुणीतरी ते तसं ठेवलेलं असतं, किंवा कुणीतरी ते तपासायचं राहून गेलेलं असतं.

आमच्या ॲपमध्ये रोज रात्री दोन वाजता चाचण्या चालतात. त्यांतली एक चाचणी काही शब्दांची पीडीएफ बनवते आणि आकार बरोबर जागी बसले की नाही ते तपासते. त्या यादीत मिरची आहे, विजय आहे, शेतकऱ्याचे नाव आहे, सूर्य, दर्या आणि दऱ्या आहेत. सगळ्यात खाली मी अण्णांचं पूर्ण नाव टाकलंय. ते चुकलं तर नवी आवृत्ती बाहेर जात नाही.

परवा टीममध्ये आलेल्या एका मुलीने विचारलं, हे शेवटचं नाव कोणाचं, कस्टमर आहेत का? मी म्हटलं, नाही, आपल्याआधी हे काम करायचे ते.